जुना पूल 'पुरेसा सुरक्षित' आहे हे नेमकं कोण ठरवतं?

रोजची_प्रवासी

नमस्कार मंडळी. मी इंजिनियर नाही, लेखापरीक्षक आहे. शब्द चुकले तर सांभाळून घ्या.

रोज ज्या पुलावरून जाते-येते तो माझ्यापेक्षा वयानं मोठा आहे. दोन महिन्यांपूर्वी त्याच्या दोन्ही तोंडांना जड वाहनांना मनाई करणारी पाटी लागली आणि उंच गाड्या अडवणारी लोखंडी कमान उभी राहिली. तपासणीचा अहवाल मागवला. ४० पानांपैकी मला धड कळलेलं वाक्य शेवटच्या पानावर होतं : 'पूल मर्यादित भारासाठी वापरण्यास योग्य असून उर्वरित धोका स्वीकारार्ह आहे.' खाली सही.

तेव्हापासून तो शब्द डोक्यातून जात नाही. स्वीकारार्ह कुणाला? पुलावरून जाणार मी, आणि 'स्वीकारला' असं लिहून सही करणार तिसराच! आमच्या कामातही 'एवढी चूक चालेल' अशी रेषा असते. ती आम्ही काम सुरू करण्याआधी ठरवतो आणि कागदावर मांडतो. पण आमची रेषा चुकली तर ताळेबंद दुरुस्त करता येतो.

तर ही रेषा येते कुठून? तिच्यामागे आकडा असतो की कुणाचा तरी अंदाज? आणि पूल एक तर सुरक्षित असेल किंवा नसेल. 'मर्यादित भारासाठी योग्य' अशी मधली अवस्था खरोखर असते, की काम पुढे ढकलण्याचं ते गोंडस नाव आहे?

शंकासुर

गोंडस नाव. पुढचा प्रश्न?

नवा बांधायला पैसे नाहीत, जुना बंद केला तर लोक ओरडतात. मग उरतं काय? पाटी. पाटी ही जगातली सगळ्यात स्वस्त दुरुस्ती आहे.

अंकगणित

शंकासुरांचा प्रतिसाद चटकदार आहे, पण अर्धाच खरा. आकडा असतो.

युरोपातल्या बांधकाम संहितेत नेहमीच्या इमारती-पुलांसाठी ५० वर्षांच्या काळाकरता विश्वासार्हता निर्देशांक ३.८ धरलाय. त्याचं भाषांतर करायचं तर ५० वर्षांत मोडण्याची शक्यता साधारण १४,००० त १. शून्य कुठेच लिहिलेलं नाही, कारण शून्य धोक्याचा पूल बांधता येत नाही. भार किती येईल याचा अंदाज थोडा वाढवून धरायचा, काँक्रीट आणि पोलाद किती सोसेल याचा अंदाज थोडा कमी धरायचा, आणि मधे जी फट राहते तिच्यात आपलं अज्ञान मावेल अशी व्यवस्था करायची. एक मेख मात्र आहे. या १४,००० त १ मध्ये माणसाच्या ढोबळ चुका धरलेल्या नसतात. आराखड्यात कुणी शून्य विसरलं तर त्याचा हिशेब त्यात नाही.

सगळ्यात उघडपणे हा हिशेब मांडला तो डच लोकांनी. १९५३ च्या ३१ जानेवारीच्या रात्री समुद्राचे बांध फुटले आणि तिकडे १,८३६ माणसं गेली. नंतर जी समिती बसली तिनं 'पुन्हा कधीच नाही' असं आश्वासन देण्याऐवजी विचारलं, की बांध एक वीत उंच करायला किती खर्च, आणि त्या वितीमुळे किती नुकसान टळेल? त्या गणितातून दाट वस्तीच्या भागासाठी वर्षाला १०,००० त १ एवढ्या शक्यतेचं वादळ हा निकष निघाला. म्हणजे त्याहून मोठं वादळ आलं तर बांध ओलांडून पाणी येऊ शकतं हे त्यांनी कबूल करून कायद्यात घातलं.

तुम्ही लेखापरीक्षक आहात म्हणून आणखी एक. ब्रिटनमध्ये १९४९ साली एडवर्ड्स नावाच्या खाणकामगाराच्या मृत्यूचा खटला चालला. खाणीतल्या वाटेची बाजू ढासळली होती. न्यायालयानं जो दंडक घातला त्याचा मतितार्थ असा, की धोका कमी करण्याचा खर्च त्या धोक्याच्या मानानं अगदीच अवाच्या सवा असेल तरच तो न करण्याची मुभा. नुसता 'जास्त' असून भागत नाही. आणि ते सिद्ध करायची जबाबदारी मालकावर. त्यावरूनच पुढे तीन पट्टे आले : वर्षाला १० लाखांत १ हून कमी धोका असेल तर फार डोकं खाजवू नका, सर्वसामान्य माणसावर १०,००० त १ हून जास्त येत असेल तर चालणार नाही, आणि मधल्या पट्ट्यात जेवढा कमी करता येईल तेवढा करत राहा. तुमचं 'स्वीकारार्ह' बहुधा या मधल्या पट्ट्यातलं आहे. तिथे खरं तर 'सुसह्य' म्हणायला हवं. स्वीकारलं की विषय संपतो, सोसताना माणूस उपाय शोधत राहतो.

रोजची_प्रवासी

'सुसह्य' आवडला. पण मला विचारलं नाही ही तक्रार कायम आहे.

अंकगणित

रास्त तक्रार आहे. अमेरिकी अभियंते चॉन्सी स्टार यांनी १९६९ मध्ये हेच मांडलं होतं. आपण होऊन पत्करलेला धोका माणसं लादलेल्या धोक्यापेक्षा साधारण हजारपट जास्त चालवून घेतात. डोंगर चढणारा दोर तपासून जातो. पुलावरून जाणाऱ्याला दोर दाखवतच नाहीत.

निवृत्त_हातोडा

ताई, तेहेतीस वर्षं पुलांच्या पोटाखाली काढली. निवृत्त होऊन सहा झाली. सगळे अंकगणितरावांचे आकडे वाचतायत, ते बरोबरच आहेत, पण मला जरा खालून सांगू द्या.

नव्या पुलाचा धोका कागदावरचा असतो. तो पूल अजून कुणी पाहिलेलाच नसतो, म्हणून सगळीकडे थोडं थोडं जास्त धरतात. जुन्या पुलाचं तसं नाही. तो समोर उभा आहे. त्याला हात लावता येतो, ठोकून ऐकता येतं. माझं मुख्य हत्यार होतं साधा हातोडा. काँक्रीट शाबूत असेल तर टण् असा आखूड, कोरडा आवाज येतो आणि हातोडा हाताला उसळी देतो. आतली सळई गंजली असेल तर गंज सळईपेक्षा कितीतरी जास्त जागा खातो, दुपटीपासून सहापटीपर्यंत, आणि वरचं काँक्रीट आतून ढकलून सोडवतो. वर काही दिसत नाही. पण ठोकलं की भद्द. मडकं कच्चं असल्यासारखं. मग खडूनं त्याच्या कडा शोधायच्या, टण् आणि भद्द यांच्या सीमेवरून रेघ ओढायची, आत तारीख लिहायची. पुढच्या वर्षी त्याच जागी जाऊन पाहायचं, भद्द रेघेच्या बाहेर आलाय का. ती दोन तारखांमधली बोटभर जागा म्हणजे पुलाचं म्हातारपण. बाकी सगळं अहवालातलं मराठी.

आता तुमचा प्रश्न. मधली अवस्था असते. पाटीवर हसू नका शंकासुर. पोलादाचा थकवा म्हणून एक प्रकार आहे. गाडी आली की सांध्यावर ताण येतो, गेली की उतरतो. हे लाखो वेळा. ताणाचा हा चढउतार दुप्पट झाला तर सांध्याचं आयुष्य निम्मं होत नाही, साधारण आठवा हिस्सा होतं. उलट बाजूनं बघा. सगळ्यात जड गाड्या काढून टाकल्या तर उरलेल्या आयुष्यात भर पडते ती तुमच्या अपेक्षेपेक्षा खूप मोठी. त्यामुळे जिथे आजार भाराचा आहे तिथे पाटी हे खरं औषध आहे.

पण आजार भाराचा नसेल तर पाटी म्हणजे ताप आलेल्या माणसाला चष्मा. पुरानं खांबाच्या पायाखालची माती ओढून नेली असेल तर वरून ट्रक जातो की सायकल, पायाला फरक पडत नाही. १९८७ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्यातला स्कोहॅरी क्रीक या नदीवरचा पूल असाच पायातून गेला, १० माणसं गेली. आणि काँक्रीटच्या आत ताणलेल्या पोलादी तारा घातलेला पूल आतून गंजत असेल तर तो स्वतःच्या वजनानंही जाईल. जर्मनीतल्या ड्रेस्डेनचा कॅरोला पूल २०२४ च्या सप्टेंबरात पहाटे तीनच्या सुमारास कोसळला तेव्हा त्या भागावर कुणीच नव्हतं. शेवटची ट्राम काही मिनिटं आधी निघून गेली होती. आतल्या पोलादी तारांना वर्षानुवर्षं बारीक तडे जात होते, वरून सगळं ठाकठीक.

म्हणून ताई, अहवालात 'स्वीकारार्ह' शोधू नका. 'आजार कुठला' ते शोधा, आणि मग पाटी त्या आजाराची आहे का ते बघा.

शंकासुर

चष्मा आवडला. पण हातोडा साहेब, इटलीतल्या जेनोआच्या पुलाचं काय? तिथेही निरीक्षक होतेच. २०१८ मध्ये भर पावसात तो कोसळला, ४३ माणसं गेली. त्या पुलाखाली कुणी हातोडा घेऊन फिरलंच नसेल का?

निवृत्त_हातोडा

साहेब नको, नुसतं हातोडा म्हणा.

जेनोआचं मला वैयक्तिक लागलं होतं. तो पूल १९६७ चा. त्याचा आराखडा करणाऱ्या मोरांदी यांनी मनोऱ्यांवरून पूल धरून ठेवणाऱ्या त्याच्या तिरप्या ओढतारा काँक्रीटमध्ये गुंडाळल्या. हेतू चांगला होता, गंजापासून संरक्षण. पण संरक्षण म्हणून घातलेलं ते पांघरुणच मुळात बघू देईना. केबल उघडी असती तर एक तार तुटली की दिसली असती. मोरांदींनी स्वतः एकोणीसशे एकोणऐंशी सालीच लिहून ठेवलं होतं की समुद्राची हवा आणि धुरानं पुलाचं काँक्रीट अपेक्षेपेक्षा लवकर झिजतंय. पुढे नव्वदीच्या सुरुवातीला तीनपैकी एका मनोऱ्याच्या ओढतारांना बाहेरून नव्या केबलची जोड दिली. पडला तो त्याच रांगेतला वेगळा मनोरा, ज्याला जोड दिली नव्हती.

शिवाय त्या मनोऱ्याला एका बाजूला दोनच ओढतारा. एक गेली की दुसरीला तेवढा भार पेलणं शक्य नाही. माझ्या मते जुन्या पुलाबाबत विचारायचा पहिला प्रश्न हा : एक अवयव गेला तर दुसरा हात देतो का? अमेरिकेतला सिल्व्हर ब्रिज १९६७ च्या १५ डिसेंबरला पडला, ४६ माणसं गेली. त्याच्या साखळीच्या प्रत्येक कडीत दोनच पट्ट्या होत्या. त्यातल्या एकीच्या डोळ्यात, म्हणजे टोकाच्या भोकाच्या कडेला, सुमारे अडीच मिलिमीटर खोल तडा होता. जागा अशी की सांधा खोलल्याशिवाय तो दिसणारच नव्हता. पट्टी गेली, जोडीदार एकटा पडला, मिनिटभरात सगळा पूल नदीत. कडीत चार पट्ट्या असत्या तर तोच तडा पुढच्या तपासणीतली एक नोंद झाला असता.

आता तुमचा टोमणा, की निरीक्षक होतेच. हो, होते. आणि निरीक्षकाचा डोळा ही काही देवाची देणगी नव्हे. अमेरिकेत २००१ मध्ये ४९ निरीक्षकांना तेच पूल दाखवून शून्य ते नऊ असे गुण द्यायला सांगितले होते. एकाच भागाला सरासरी चार-पाच वेगवेगळे गुण मिळाले. मला त्यात काहीच नवल वाटलं नाही. ऊन डोळ्यावर आहे, शिडी हलतेय, खाली पाणी आहे, पाचच्या आत पुढच्या पुलावर जायचंय. माणूस काय बघणार?

अंकगणित

यात अमेरिकेतल्या मिनियापोलिसचा कोसळलेला पूलही धरा. २००७, १३ मृत्यू. वर्षानुवर्षं सगळ्यांचं लक्ष थकव्याच्या तड्यांवर. गेला तो सांध्यावरच्या जोडपट्ट्यांमुळे, ज्या मूळ आराखड्यातच हव्या त्याच्या निम्म्या जाडीच्या होत्या. ४० वर्षं त्या फटीनं, आधी म्हटलेल्या अज्ञानाच्या फटीनं, सांभाळून घेतलं. मग पुलावर डांबर-काँक्रीटचे थर चढत गेले आणि त्या दिवशी दुरुस्तीचं खडी-वाळूचं ओझं नेमकं तिथेच रचलं होतं. काही वर्षं आधीच्या फोटोंत त्या पट्ट्या वाकलेल्या दिसतात. फोटो काढले होते, पण ते दुसऱ्याच कशासाठी तरी.

निवृत्त_हातोडा

हो. तो फोटो मी कितीदा तरी बघितलाय. मी असतो तर मला दिसलं असतं का, हा प्रश्न विचारून. प्रामाणिक उत्तर : बहुतेक नाही.

उलटं उदाहरणही देतो, नाहीतर लोकांना वाटेल मी घाबरवायला बसलोय. स्कॉटलंडचा फोर्थ रोड ब्रिज, १९६४ चा झुलता पूल. २००४ मध्ये त्यांनी त्याची मुख्य केबल पाचरी ठोकून उघडली. एकेका केबलमध्ये ११,६१८ तारा. आत गंज, काही तारा तुटलेल्या, ताकद ८ ते १० टक्के कमी. त्यांनी काय केलं? लपवलं नाही, पूल बंदही केला नाही. केबलभर कान लावले, म्हणजे ध्वनिग्राहक, तार तुटली की टिचकी ऐकू येते, कुठे आणि किती वाजता. आत कोरडी हवा फुंकायला सुरुवात केली. आणि शेजारी नव्या पुलाचं काम काढलं, तो २०१७ ला उघडला. हा झाला स्वीकारलेला धोका. त्याच्यावर कान आहेत, आणि त्याला शेवटची तारीख आहे.

आणि बघा नियतीची थट्टा : २०१५ च्या डिसेंबरात तो जुना पूल तातडीनं बंद करावा लागला तो केबलमुळे नाहीच. एका टोकाच्या सांध्यातली पिन गंजून जाम झाली होती, हलायला हवा तो दुवा हलेना आणि त्याला तडा गेला. सगळे कान केबलला लावलेले! पण माणसं पुलावर फिरत होती म्हणून सापडला. एकाही माणसाला इजा नाही.

रोजची_प्रवासी

हातोडा काका, तुम्ही स्वतः कधी 'स्वीकारार्ह' लिहिलंय?

निवृत्त_हातोडा

लिहिलंय. विचारलंत म्हणून सांगतो. कुठला पूल ते विचारू नका.

तीन गाळ्यांचा, नदीवरचा. गाळा म्हणजे दोन आधारांमधला पुलाचा भाग. एका खांबावरचं रोलर बेअरिंग धूळ आणि गंजानं बसलं होतं. उन्हात गर्डर, म्हणजे पुलाची लांब तुळई, लांबतो, थंडीत आखडतो, बेअरिंगनं त्याला पुढेमागे सरकू द्यायचं असतं. ते सरकेना, म्हणून गर्डर खांबाचं डोकंच ढकलत होता. डोक्याला तडा. मी तड्यावर काचेची पट्टी चिकटवली. ही जुनी युक्ती, तडा हलला की काच फुटते, तिला खोटं बोलता येत नाही. तीन महिन्यांनी गेलो, काच फुटलेली.

मी लिहिलं : धोका स्वीकारार्ह, चार अटींवर. जड वाहनं बंद, त्यासाठी कमान. दर महिन्याला तड्याची मापं. खांबाखाली तात्पुरता टेकू. आणि सहा महिन्यांत बेअरिंग बदलणे. वरच्यांनी मान्य केलं, सही झाली. त्या दिवशी तो निर्णय बरोबर होता, आजही म्हणतो.

मग काय झालं ते ऐका. एका मोठ्या यंत्राची वाहतूक व्हायची होती म्हणून कमान दोन दिवसांसाठी काढली. ती पुन्हा बसली नाही, बाजूला गवतात पडून राहिली. महिन्याची मापं तिमाही झाली, मग वार्षिक. टेकूचे ओंडके पुरात गेले. सहा महिन्यांची मुदत तीनदा वाढली, प्रत्येक वेळी 'स्थितीत बदल नाही' या कारणानं. आणि ते 'बदल नाही' एका वर्षी मी लिहिलं होतं. नदीला पाणी होतं, खाली उतरता येत नव्हतं. दुर्बिणीतून बघितलं, तडा तसाच वाटला, मागच्या वर्षीचं वाक्य उतरवलं. 'जैसे थे.'

म्हणजे चारही अटी गेल्या आणि शब्द राहिला. फाईलमध्ये अजून स्वीकारार्ह. सगळे म्हणत होते, तीन वर्षं काही झालं नाही ना? तीन वर्षं काही झालं नाही हे पूल मजबूत असल्याचंही लक्षण असू शकतं आणि सुतावर लटकल्याचंही. दोन्ही रस्त्यावरून सारखंच दिसतं.

पुढच्या उन्हाळ्यात पाणी आटल्यावर खाली गेलो. तड्यात काडेपेटीची काडी गेली. आडवी नाही, उभी, पण गेली. त्या रात्री पूल बंद केला. कुणी पडलं नाही, बातमी झाली नाही. लोकांनी मला शिव्या घातल्या, वळसा लांबचा होता. मी घरी येऊन बायकोला काही बोललो नाही. माझी 'जैसे थे' वाली नोंद मी अजून शब्दशः म्हणून दाखवू शकतो.

शंकासुर

मी पाटीवर जे बोललो ते मागे घेत नाही. पण तुमच्यापुरतं घेतो.

रोजची_प्रवासी

काका, काल सुट्टी होती. अहवालाची प्रत घेऊन पुलाखाली गेले. लेखापरीक्षकाची खोड, कागदावर जे लिहिलंय ते जागेवर आहे का बघायचं. अटी पान २९ वर सापडल्या, तीन आहेत. कमान आहे. 'दर तीन महिन्यांनी निरीक्षण' आहे, आणि खांबावर खडूच्या रेघा सापडल्या तेव्हा मला वेड्यासारखा आनंद झाला. पण तारीख एकच आहे, पाच महिन्यांपूर्वीची. तिसरी अट 'पाण्याचा निचरा सुरळीत ठेवणे'.

एक विचारायचंय. दुसऱ्या गाळ्याच्या टोकाशी, जिथे वरचा लोखंडी सांधा आहे त्याच्या बरोबर खाली, गर्डरच्या टोकावर पांढरे ओघळ आहेत. चुन्यासारखे, लोंबणारे. मधे तांबूस. फोटो टाकलाय. हे काय आहे? घाबरू का?

निवृत्त_हातोडा

नुसत्या पांढऱ्याला घाबरू नका. काँक्रीटमधला चुना पाण्याबरोबर उतरतो, बऱ्याच पुलांना असतो. तांबूस म्हणजे ते पाणी सळईला किंवा बेअरिंगला भेटून आलंय. मला दोन गोष्टी सांगा. हात लावलात का, ओलं होतं की कोरडं? आणि पाऊस शेवटचा कधी पडला?

रोजची_प्रवासी

ओलं. बोटाला चिकट लागलं. पाऊस थांबून नऊ दिवस झाले.

निवृत्त_हातोडा

नऊ दिवसांनी ओलं म्हणजे वर कुठेतरी पाणी साठून राहिलंय, किंवा पुलावरून पाण्याची नळी नेली असेल तर ती गळतेय. नळी आहे का? नसेल तर पुलावरून चालत जा. गाडीतून नको, चालत. कठड्याच्या कडेला पाणी खाली जायची भोकं असतात, दर काही पावलांवर. ती मोजा.

रोजची_प्रवासी

नळी नाही. आत्ता जाऊन आले. एका बाजूला ११ भोकं आहेत. दुसऱ्या बाजूला, म्हणजे ओघळांच्या बाजूला, मला दोन दिसली. बाकीच्या जागी डांबर आहे. मागच्या वर्षी रस्ता नवा केला होता.

अंकगणित

मायानस नदीवरचा पूल, अमेरिकेतलं कनेक्टिकट, १९८३. तिथेही डांबरीकरणात निचऱ्याची भोकं बुजली होती. पाणी गाळा टांगून धरणाऱ्या पिना आणि पट्ट्यांवर जात राहिलं, गंजानं एक पट्टी पिनेवरून सरकवली आणि गाळा कोसळला. तीन जण गेले.

निवृत्त_हातोडा

अंकगणितराव, बरोबर आहे, पण त्यांना आज रात्री झोप लागू दे. ताई, तो पूल लटकत्या गाळ्याचा होता, दोन गर्डरवरचा. तुमच्या फोटोत मी मोजले, पाच गर्डर आहेत. एक दुखावला तरी चार आहेत. हा फरक मोठा आहे, उद्या पडणार वगैरे काही नाही.

पण लिहा. तक्रार असं नका लिहू, तक्रारीला नुसतं उत्तर येतं. 'पान २९ वरील अट क्रमांक तीनची पूर्तता झालेली नाही' असं लिहा. भोकं मोजलेली संख्या द्या, दोन्ही बाजूंची. ओघळाचा फोटो, त्यात तुमची पट्टी धरून, तारखेसह. खडूवरच्या तारखेचा फोटो वेगळा. आणि शेवटी एवढंच विचारा, की अट पाळली जात नसताना उर्वरित धोका स्वीकारार्ह असल्याचा निष्कर्ष अजून लागू आहे का, ते त्याच अभियंत्यांकडून लेखी कळवावं. ज्यानं सही केली त्यालाच.

रोजची_प्रवासी

हे मला जमतं. रोज हेच करते. मसुदा इथे टाकू का आधी?

निवृत्त_हातोडा

टाका. आणि पट्टी धरताना शून्य ओघळाच्या वरच्या टोकाला ठेवा, पुढच्या वेळी तिथूनच मोजायचंय.